वेग कुठे अडतो : वेंगुर्ल्यातील एका लहान संगणकाची दुरुस्ती

[दृश्य : दूरचित्रवाणी संचावर चालू असलेला खेळ. डाव्या कोपऱ्यात बदलता आकडा. आवाज तुटक.]

पडद्याच्या कोपऱ्यातील आकडा सेकंदाला किती चित्रे उमटत आहेत, ते दाखवतो. हा खेळ १९९० साली जपानमध्ये आलेल्या सुपर फॅमिकॉम या व्हिडिओ गेम यंत्रासाठी तयार झाला होता. त्या मूळ यंत्रावर तो सेकंदाला ६० चित्रांनी चालतो, म्हणजे प्रत्येक चित्र तयार करण्यासाठी १६.६७ मिलिसेकंद मिळतात. येथे एका लहान संगणकावर मात्र आकडा ४१ आणि ४८ यांच्या दरम्यान हलतो आहे, संगीत रेंगाळते आहे आणि मधूनच खरखरते आहे.

[दृश्य : बाजारपेठेतील दुकान, चिऱ्याची भिंत, कौलांखाली टांगलेले पंखे. टेबलावर हिरवा बोर्ड.]

वेंगुर्ल्याच्या बाजारपेठेतील या दुकानात मिक्सर, पंखे, इन्व्हर्टर आणि होड्यांवरचे वायरलेस संच दुरुस्तीसाठी येतात. टेबलावरचा बोर्ड एका वाचनालयाच्या बालविभागातून आला आहे. तो रास्पबेरी पाय ३ हा एकाच बोर्डावरचा लहान संगणक आहे : २०१६ सालचे मॉडेल, चार गाभ्यांचा (कोअरचा) १.२ गिगाहर्ट्झचा प्रोसेसर, १ जीबी मेमरी. बोर्ड जुना झाला असून नवा घ्यावा लागेल, असा शेरा त्याच्यासोबत आला होता. दुकानाच्या मालकांनी तो शेरा बाजूला ठेवला आणि मल्टीमीटर हातात घेतला.

या बोर्डावर खेळ इम्युलेटरमधून, म्हणजे जुन्या यंत्राची नक्कल करणाऱ्या प्रोग्राममधून चालतो. तो जुन्या यंत्राचा मुख्य प्रोसेसर, चित्र काढणारी चिप आणि ध्वनीची चिप या तिघांचे काम सॉफ्टवेअरने करतो, आणि तेही त्यांचा परस्परांशी असलेला ताल सांभाळून. सुपर फॅमिकॉमचा प्रोसेसर जास्तीत जास्त ३.५८ मेगाहर्ट्झने चालत असे. १२०० मेगाहर्ट्झच्या बोर्डाला ते ओझे का वाटावे, हा प्रश्न स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर असे की मूळ यंत्रातील एका सूचनेसाठी येथे अनेक सूचना पार पाडाव्या लागतात, आणि ताल सांभाळायचा असल्यामुळे हे काम चार गाभ्यांत सहज वाटून देता येत नाही. बहुतेक वेळा एकच गाभा राबत असतो आणि उरलेले तीन जवळजवळ रिकामे बसलेले असतात. म्हणूनच त्या एका गाभ्याचा वेग कोणत्याही कारणाने घसरला, तर खेळ लगेच मंदावतो.

[दृश्य : पडद्यावर काळ्या पार्श्वभूमीवर अक्षरे. ५०००५ या आकड्यावर कॅमेरा स्थिर.]

बोर्डाला त्याची प्रकृती विचारण्याची सोय आहे. ‘व्हीसीजेनसीएमडी गेट थ्रॉटल्ड’ ही आज्ञा दिली की तो सोळा-आधारी संख्येत उत्तर देतो. येथे उत्तर आले ५०००५. शेवटचा ५ सांगतो की या क्षणी विजेचा दाब अपुरा आहे आणि त्यामुळे वेग कमी केलेला आहे. पहिला ५ सांगतो की बोर्ड सुरू झाल्यापासून हे आधीही घडून गेले आहे. प्रोसेसरचा वेग मोजला तर तो १२०० ऐवजी ६०० मेगाहर्ट्झ निघाला. दाब साधारण ४.६३ व्होल्टच्या खाली गेला की हा बोर्ड पडद्याच्या कोपऱ्यात विजेचे छोटे चिन्ह दाखवतो आणि स्वतःला आवरून घेतो. वाचनालयातील संचावर ते चिन्ह दिसत असणार, पण ते खेळाचाच भाग आहे असा समज करून घेणे मुलांना अवघड गेले नसेल.

[दृश्य : दोन केबल शेजारी-शेजारी, एक कापून आतील तारा दाखवलेल्या.]

बोर्डाला वीज मिळत होती ती मोबाइलच्या चार्जरमधून आणि एका बारीक केबलमधून. हिशोब साधा आहे. केबलचा जाण्यायेण्याचा एकूण अवरोध ०.३ ओहम असेल आणि खेळ चालू असताना बोर्ड १.५ अँपिअर ओढत असेल, तर ०.४५ व्होल्ट केबलमध्येच खर्च होतात. चार्जरपाशी ५ असलेला दाब बोर्डापाशी ४.५५ उरतो. चार्जरवर कितीही मोठा आकडा छापलेला असला तरी तारेतील ही गळती त्याला भरून काढता येत नाही. शिवाय किनाऱ्यावर केबलच्या टोकांवर खाऱ्या दमट हवेने हिरवट थर धरतो आणि अवरोध आणखी वाढतो. मालकांनी जोडणीचे टोक आयसोप्रोपिल अल्कोहोलने स्वच्छ केले, ५.१ व्होल्ट आणि २.५ अँपिअरचा पुरवठा लावला आणि केबल जाड, आखूड घेतली. आज्ञा पुन्हा दिल्यावर बोर्ड सुरू करताना उत्तर शून्य आले, आणि खेळ चालू असतानाही ते शून्यच राहिले.

[दृश्य : इन्फ्रारेड तापमापक, बंद अॅक्रिलिक पेटी, उघडताना स्क्रू.]

त्यानंतरची अडचण लगेच दिसत नाही, कारण ती उमटायला वेळ लागतो. मे महिन्यातील दुपारी दुकानातील हवा ३३ अंश होती. चिपचे तापमान खोलीच्या तापमानावर चढते, त्यामुळे थंड गावातील बोर्डाच्या तुलनेत येथील बोर्ड वरच्या पायरीवरूनच निघतो. बंद पेटीत तो ८० अंशांवर पोहोचला की वेग टप्प्याटप्प्याने कमी करतो, आणि ८५ अंशांना चित्राची बाजूही आवरती घेतो. पंखा लावणे हा सर्वांना सुचणारा उपाय आहे. मात्र किनाऱ्यावर पंखा जी हवा आत ओढतो, तीत मीठ आणि धूळ दोन्ही असतात. माझ्या मते येथे अॅल्युमिनियमची अशी पेटी अधिक बरी, जिचे अंग थर्मल पॅडने चिपला टेकते आणि जी स्वतःच हीटसिंक, म्हणजे उष्णता बाहेर सोडणारा भाग, होते. मालकांनीही तीच निवडली.

[दृश्य : कोपऱ्यातील आकडा ५०. तो हलत नाही.]

आता प्रोसेसर १२०० मेगाहर्ट्झवर टिकून आहे, तापमान साठीच्या आसपास आहे, आणि तरीही आकडा ५० वर थांबला आहे. तो ४९ होत नाही आणि ५१ होत नाही. शक्ती कमी पडत असती तर आकडा प्रसंगानुसार हलला असता. इतका ठाम आकडा अडथळा दुसरीकडे असल्याचे सांगतो. हा अडथळा दूरचित्रवाणी संचात होता. आपल्याकडील जुने प्रक्षेपण पाल पद्धतीचे, म्हणजे ५० हर्ट्झचे होते, आणि हा संच एचडीएमआयवरून आपली ओळख सांगताना ५० हर्ट्झला पहिली पसंती देत होता. बोर्डाने ती मानली. चित्र फाटू नये म्हणून इम्युलेटर पडद्याच्या प्रत्येक फेरीची वाट पाहतो, म्हणून ६० चित्रांचा खेळ ५० च्या ठेक्यात बसवला गेला, तो पाच-षष्ठांश वेगाने चालू लागला, आणि ध्वनीचा साठा रिकामा पडून खरखर उमटली.

[दृश्य : मजकूर फाइलमध्ये दोन ओळी टंकित होतात. पुन्हा खेळ. आकडा ६०.]

बोर्डाच्या कॉन्फिग (सेटिंगच्या) फाइलमध्ये दोन ओळी लिहिल्या : एचडीएमआय ग्रुप १, मोड ४. याचा अर्थ ७२० ओळी, ६० हर्ट्झ. आता संगीत आपल्या मूळ स्वरात आहे.

७२० ओळींचा निर्णयही विचारपूर्वक घेतलेला आहे. १९२० गुणिले १०८० या पडद्यावर २०,७३,६०० बिंदू असतात, तर १२८० गुणिले ७२० वर ९,२१,६००. खेळाचे मूळ चित्र २५६ गुणिले २२४, म्हणजे केवळ ५७,३४४ बिंदूंचे आहे. जुन्या काचेच्या पडद्यासारख्या रेषा दाखवणारे शेडर, म्हणजे चित्रावर परिणाम चढवणारे छोटे प्रोग्राम, वापरायचे असतील तर ते प्रत्येक बिंदूवर काम करतात, आणि मोठ्या पडद्यावर हा भार सव्वादोन पट होतो. क्रॉस-तपासणीसाठी शेडर बंद करून पाहणे हीच येथे सर्वांत स्वस्त चाचणी आहे.

[दृश्य : जुन्या कॅसेट एका रांगेत. एकीच्या आतील अतिरिक्त चिप.]

काही कॅसेटमध्ये स्वतःचा प्रोसेसर होता. १९९३ सालच्या ‘स्टार फॉक्स’मधील सुपर एफएक्स चिप त्रिमितीय आकृत्या स्वतः काढत असे, आणि अशा खेळात इम्युलेटरला आणखी एका यंत्राची नक्कल करावी लागते. येथे इम्युलेटरची निवड महत्त्वाची ठरते. बीस्नेस हा इम्युलेटर अचूकतेला प्राधान्य देतो आणि या बोर्डाला झेपत नाही. स्नेसनाईनएक्सच्या २०१० च्या आवृत्तीवर आधारलेला इम्युलेटर काही सूक्ष्म बाबी सोडून देतो आणि त्या बदल्यात वेग देतो. प्लेस्टेशनच्या खेळांसाठी पीसीएसएक्स-रीआर्म्ड हा इम्युलेटर आहे. तो प्लेस्टेशनच्या ३३.८७ मेगाहर्ट्झच्या मिप्स प्रोसेसरच्या सूचना एकेक वाचून पार पाडण्याऐवजी त्यांचे पुंजके आर्म प्रोसेसरच्या सूचनांत एकदाच रूपांतरित करून साठवतो आणि तेच पुन्हा पुन्हा वापरतो. चित्र काढण्यासाठी तो प्रोसेसरमधील निऑन हा भाग वापरतो. वाचनालयाच्या मेमरी कार्डावर हे रूपांतर सेटिंगमध्ये बंद होते. चालू केल्यावर सगळे खेळ पूर्ण वेगाने धावले, आणि येथे प्रोसेसर ओव्हरक्लॉक करण्याची, म्हणजे ठरलेल्या वेगापेक्षा जास्त वेगाने चालवण्याची, गरज उरली नाही. ओव्हरक्लॉकिंगने वेग थोडा वाढतो, पण दाब वाढवावा लागला तर उष्णता त्याहून जास्त वाढते, आणि या हवेत ते परवडत नाही.

प्रोसेसरचा वेग ठरवणारा गव्हर्नर ‘ऑनडिमांड’ (गरजेपुरता वेग) वरून ‘परफॉर्मन्स’ (कायम पूर्ण वेग) वर नेला. खेळ मागे नेण्याची सोय, म्हणजे रिवाइंड, बंद केली, कारण ते सतत यंत्राची स्थिती साठवत राहते. महागडे मेमरी कार्ड घेतले नाही. कार्डाने खेळ लवकर उघडतो, चालण्याचा वेग वाढत नाही. पावसाळ्यात वीज अचानक जाते, म्हणून कार्ड केवळ वाचनासाठी ठेवले आणि खेळांतील नोंदी पेनड्राइव्हवर वळवल्या. कार्डावर मुक्त परवान्याचे खेळ आणि वाचनालयाकडे असलेल्या कॅसेटच्या प्रती एवढेच ठेवले.

[दृश्य : बालविभाग. दोन मुली, दोन गेमपॅड.]

वाचनालयाने नव्या बोर्डाची मागणी मागे घेतली.

[दृश्य : निन्टेन्डो ६४ चा खेळ. आकडा २२ ते ३०.]

येथे मात्र हा बोर्ड कमी पडतो. १९९६ च्या निन्टेन्डो ६४ या व्हिडिओ गेम यंत्रामध्ये ९३.७५ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर आणि चित्र-ध्वनीसाठी वेगळी ६२.५ मेगाहर्ट्झची चिप होती. तयार चित्र ग्राफिक्सच्या बाजूकडून मुख्य मेमरीत परत आणावे लागले की ग्राफिक्स आणि प्रोसेसर एकमेकांची वाट पाहत थांबतात. जीएलआयडेनसिक्स्टीफोर या निन्टेन्डो ६४ ची चित्रे काढणाऱ्या प्रोग्राममध्ये रंगीत चित्राची ही प्रत करणे बंद करता येते, आणि बरेच खेळ त्याने सुधारतात. ज्या खेळांना ती प्रत लागते, त्यांत चित्र बिघडते. अशा खेळांसाठी २०१९ सालचा पाय ४ किंवा त्यापुढचा बोर्ड लागतो, असे मालकांनी वाचनालयाला लेखी कळवले आहे, आणि निन्टेन्डो ६४ चा फोल्डर कार्डावरून काढून टाकला आहे.