दिशा मिळाली, पण कधीची?

बसा, पुढे जागा आहे. विषय जाहीर केलाय तो खडकातल्या चुंबकत्वाचा अर्थ कसा लावायचा हा, त्यावर मी येणारच आहे, पण त्याआधी एक गोष्ट बोलायची आहे जी माझ्या फार जिव्हाळ्याची आहे. लाव्हा थंड होत ५८० अंश सेल्सिअसच्या खाली आला की मॅग्नेटाइट या लोहखनिजाचे कण त्या वेळच्या पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा धरायला लागतात, हेमाटाइट हे दुसरं लोहखनिज असेल तर ६७५ च्या आसपास, हे इथे बसलेल्या सगळ्यांना माहितीये. गाळात कण खाली बसताना वळतात, पाण्यातून नवं खनिज वाढतं तेव्हा तेही दिशा घेतं, हेही माहितीये. पण बरेच लोक एवढ्यावरच थांबतात. खडक उचलला, मॅग्नेटोमीटरमध्ये म्हणजे चुंबकत्व मोजायच्या यंत्रात ठेवला, आकडा आला, काम झालं. अहो, ही दिशा नोंदली गेली कधी? खडक तयार झाला तेव्हा, का त्यानंतर पाच कोटी वर्षांनी तो परत तापला तेव्हा, का गेल्या काही हजार वर्षांत नुसतं पडून पडून? मला विचाराल तर या शास्त्राचा सगळा जीव त्या ‘कधी’मध्ये आहे.

माझ्याकडे लोक दगड घेऊन येतात, छान पिशवीत घातलेला, वर ठिकाण लिहिलेलं, कधी कधी फोटोही असतो. मी विचारतो वरची बाजू कुठली होती, उत्तर दिशा कुठे होती, तर नुसतं बघत राहतात. खूण न करता काढलेल्या दगडाची आतली दिशा मोजून करायचं काय, ती कशाच्या संदर्भात सांगायची? याचं मला खरंच वाईट वाटतं, कारण कधी कधी तो दगड अशा जागेचा असतो जिथे परत जाणं शक्य नसतं. आणि खूण करतानाही, बेसॉल्ट जोरदार चुंबकीय असेल तर होकायंत्राचीच सुई भरकटते, म्हणून आम्ही सूर्याच्या सावलीवरून दिशा काढतो, त्याला सन कंपास म्हणतात. डोंगरमाथ्यावरचा दगड तर मी शक्यतो घेतच नाही, तिथे वीज पडलेली असते, विजेचा प्रवाह खडकातून गेला की जुनी नोंद झाकली जाते, चुंबकत्व प्रचंड वाढतं आणि नवशिक्याला वाटतं काय मस्त सॅम्पल मिळालंय!

आता ती गोष्ट. १९४९ साली अमेरिकेत जॉन ग्रॅहम यांनी एक साधी पण अफाट कल्पना मांडली. थरांना घडी पडलीये, एक बाजू इकडे झुकलीये, एक तिकडे. दोन्ही बाजूंच्या दिशा मोजा. जशा आहेत तशा विखुरलेल्या दिसल्या, आणि कागदावर घडी उलगडून थर आडवे केले की एका रेषेत आल्या, तर चुंबकत्व घडीच्या आधीचं. उलट झालं तर नंतरचं. बस्स, एवढंच! आणखी एक चाचणी त्यांनीच सुचवली, जुन्या खडकाचे गोटे नव्या थरात अडकलेले असतील तर प्रत्येक गोट्याची दिशा वेगळी यायला हवी, सगळ्यांची सारखी आली तर समजा की गोटे तिथे बसल्यानंतर कधीतरी सगळ्यांवर नवीन शिक्का बसलाय. ‘कधी’ला उत्तर देणारी हत्यारं ही, आणि दोन्हीला लागतो तो डोंगर, मोजणीचं यंत्र नंतर.

पण याच ग्रॅहमना मेरीलँडच्या रोझ हिल थरांमध्ये काही ठिकाणी आजच्या क्षेत्राच्या बरोबर उलट्या दिशा दिसल्या, एकाच वयाच्या थरात काही सुलट काही उलट. त्यांना वाटलं पृथ्वीचं क्षेत्र उलटलं, म्हणजे चुंबकीय उत्तर-दक्षिणेची अदलाबदल झाली, असं म्हणण्यापेक्षा खडकच स्वतःहून उलटा होत असेल. त्यांनी फ्रान्समध्ये भौतिकशास्त्रज्ञ लुई नेल यांना विचारलं की असं होऊ शकतं का. नेल यांनी विचार करून सांगितलं की हो, सिद्धांतानुसार होऊ शकतं, आणि तेवढ्यात जपानमध्ये नागाता आणि उयेदा यांना हारुना ज्वालामुखीचा असा खडक सापडलाही, जो प्रयोगशाळेत तापवून थंड केला की क्षेत्राच्या विरुद्ध दिशा धरतो. झालं! पुढची कितीतरी वर्षं उलट्या दिशेचा खडक मिळाला की संशयाने बघायचं.

आणि मला हळहळ वाटते ती इथे, की उत्तर आधीच हातात होतं. १९०६ मध्ये बर्नार्ड ब्रून यांनी फ्रान्समधल्या काँताल भागातला लाव्हा आणि त्याखाली त्याच उष्णतेने भाजलेली चिकणमाती, दोन्ही उलट्या दिशेचे असल्याचं मांडलं होतं. लाव्ह्यातली खनिजं वेगळी, मातीतली वेगळी, दोघं एकाच वेळी आपापल्या कारणाने उलटे होतील का? क्षेत्रच उलटं होतं म्हणून दोघांनी तीच दिशा घेतली. १९२९ मध्ये मातुयामांनी जपान आणि आसपासच्या लाव्ह्यांवरून उलट्या क्षेत्राचा काळही सांगितला. तरी वाद मिटायला १९६० नंतरचं दशक उजाडलं, जेव्हा कॉक्स, डोएल आणि डॅलरिम्पल यांनी पोटॅशियम-आर्गॉन या किरणोत्सारावर आधारलेल्या पद्धतीने लाव्ह्यांची वयं काढली आणि दूरदूरच्या खंडांवर एकाच वयाचे खडक एकाच दिशेचे निघाले. स्वतःहून उलटणारे खडक असतात, पण अगदी क्वचित.

पाचच मिनिटं राहिलीत अशी खूण होतेय, म्हणजे मुख्य भाग पळतच सांगावा लागणार, माफ करा. खडकातलं चुंबकत्व म्हणजे एकावर एक रंगाचे हात दिलेली भिंत समजा. वरचे हात काढायला चुंबकीय क्षेत्र नसलेल्या जागेत सॅम्पल टप्प्याटप्प्याने तापवतात, १०० अंश, २०० अंश असं करत, किंवा बदलत्या क्षेत्राने पुसतात. प्रत्येक टप्प्यानंतर मोजायचं. आधी आजच्या क्षेत्राचा सैल भाग जातो, मग उरलेली दिशा सरळ शून्याकडे येत राहिली तर ती मूळ असण्याची शक्यता धरायची, शक्यताच, पक्कं करायला वरच्या चाचण्या. एक सॅम्पल कधीच पुरत नाही, पृथ्वीचं क्षेत्र सतत थोडं डोलत असतं, म्हणून हजारो वर्षांत पसरलेल्या बऱ्याच लाव्ह्यांची सरासरी लागते, आणि त्यासाठीचं गणित १९५३ मध्ये रोनाल्ड फिशर यांनी दिलं.

सरासरी आली की त्या वेळी ती जमीन कुठल्या अक्षांशावर होती ते काढायचं. सुई क्षितिजाखाली किंवा वर किती कलते ती नती, आणि नतीचा टॅन्जंट हा अक्षांशाच्या टॅन्जंटच्या दुप्पट. नती ४५ अंश तर अक्षांश साधारण २७. क्षेत्र आजच्यासारखं सुलट असेल तर विषुववृत्ताच्या उत्तरेला ती खाली कलते, दक्षिणेला वर, आणि क्षेत्र उलटं असेल तर याच्या बरोबर उलट. रेखांश मात्र यातून कधीच मिळत नाही. गाळाचा खडक असेल तर वरच्या वजनाने दबून नती कमी झालेली असते, तिथे दुरुस्ती केल्याशिवाय अक्षांश लिहू नका. दख्खनच्या सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्यांमध्ये बऱ्याच ठिकाणी दिशा आग्नेयेच्या बाजूला आणि खाली कललेली मिळते. याचे दोन अर्थ निघतात, एक म्हणजे क्षेत्र उलटं होतं आणि जमीन विषुववृत्ताच्या दक्षिणेला, दुसरा म्हणजे क्षेत्र सुलट, जमीन उत्तरेलाच, पण जवळजवळ अर्धा फेरा गरगर फिरलेली. यातला पहिला निवडायचा कारण त्याच लाव्ह्यांच्या राशीत काही थर वायव्येकडे आणि वर कललेले, बरोबर विरुद्ध मिळतात, आणि भारताच्या आधीच्या आणि नंतरच्या खडकांचे अक्षांश क्रमाने लावले की जमीन दक्षिणेकडून उत्तरेला सरकत आलेली दिसते, अर्धा फेरा घेतलेली कुठेच दिसत नाही.