नऊशे त्रेसष्टवर खानदेश

(दृश्य: महामार्ग, आकाशवाणी चौक, रिक्षाथांबा)

जळगावात रिक्षावाल्याला ‘आकाशवाणी’ एवढंच म्हणा, पुढचं सांगावं लागत नाही. चौकाला नाव पडलं ते रेडिओ केंद्रामुळं, आणि हे केंद्र १९७६ सालचं. त्याआधीही खानदेशात रेडिओ वाजत होताच. मुंबई लागायची, पुणं लागायचं, रात्री खरखरीतून सिलोन यायचं. बातम्या मिळायच्या, सिनेमाची गाणी मिळायची. पण धरणगाव, शिरपूर, तळोदा ही नावं त्यात कुणी उच्चारावीत कशाला?

(दृश्य: मनोरा, खालून वर, मग कपाशीचं काळं रान)

हा मनोरा नीट बघा. याच्यावर वेगळी अँटेना नाही, मनोरा हीच अँटेना. जळगाव केंद्राची ९६३ किलोहर्ट्झची लहर साधारण ३११ मीटर लांबीची, म्हणून मनोराही उंच लागतो. अशा मनोऱ्याखाली जमिनीत तांब्याच्या तारा चहूबाजूंनी पसरून पुरलेल्या असतात. मध्यम लहरी दिवसा जमीन धरून धावतात. कोरडा खडक त्यांचा जोर खातो, ओल धरणारी माती त्यांना पुढं जाऊ देते. तापीकाठच्या ज्या काळ्या जमिनीनं खानदेशला कापूस दिला, केळी दिली, तिनंच जळगावचा आवाजही गावोगाव नेला.

(दृश्य: घराची ओसरी, कोनाड्यात ट्रान्झिस्टर)

या डब्यात फेराइटची एक काळी कांडी असते, तिच्यावर तांब्याची बारीक तार गुंडाळलेली. कांडी केंद्राच्या दिशेला आडवी असली की आवाज स्वच्छ येतो. तिचं टोक तिकडं वळलं की आवाज बसतो. त्यामुळं घरात रेडिओची जागा ठरलेली आणि त्याचं तोंड कुठं हेही ठरलेलं. झाडताना कुणी तो हलवला, तर संध्याकाळी बाजारभावाच्या वेळी घरात आरडाओरडा व्हायचा.

(दृश्य: अमळनेर. स्पूल टेपचं यंत्र, हात, अर्धं ब्लेड)

आता हे हात. रेडिओच्या कामात ज्यांचा जन्म गेला, त्यांचे. टेप सेकंदाला १९ सेंटिमीटर पळते. म्हणजे गाणाऱ्या बाईला मध्येच अर्ध्या सेकंदाचा खोकला आला, तर तो साडेनऊ सेंटिमीटर टेपमध्ये बसलेला असतो. टेप गुंडाळलेल्या दोन्ही चकत्या, म्हणजे स्पूल, हातानं मागंपुढं फिरवायच्या. आवाज घोगरा होत होत खोकल्याची सुरुवात बरोबर हेडवर, म्हणजे टेपवरचा आवाज वाचणाऱ्या भागावर, येते. तिथं पेन्सिलीची खूण. तसंच शेवटाला. मग टेप खाचेत बसवायची आणि ब्लेडनं तिरका छेद द्यायचा. सरळ कापली तर सांध्यावर टक् असा आवाज येतो, तिरक्या छेदात एक आवाज दुसऱ्यात अलगद मिसळतो. पाठीमागून चिकटपट्टी, नखानं दाबून. झालं. अर्ध्या तासाच्या कार्यक्रमात असे कितीतरी सांधे असायचे आणि ऐकणाऱ्याला त्यातला एकही कळायचा नाही. या कारागिरीचं नाव कुठल्याही कार्यक्रमाच्या शेवटी घेतलं गेलं नाही, म्हणून इथं इतका वेळ थांबलो.

(दृश्य: आखाजीचा झोका, बाया गाताना)

टेपवर काय होतं? आखाजीची, म्हणजे अक्षय्य तृतीयेची, झोक्यावरची गाणी. कानबाई, गुलाबाई या इथल्या सणांची. डफावरचं वहीगायन. आणि अहिराणी बोलणं, सरळ, जसं ओट्यावर चालतं तसं. २०११च्या जनगणनेत खानदेशी बोलणाऱ्यांची संख्या साडेअठरा लाखांच्या वर आहे, त्यात बहुतेक अहिराणी. एवढ्या माणसांची भाषा, पण शाळेत तोंडातून निघाली की मास्तर टोकायचे. तीच भाषा सरकारी केंद्रावरून ऐकू आली. मला विचाराल तर जळगाव केंद्राचं सगळ्यात मोठं काम हेच.

(आजींची मुलाखत, अहिराणीत. निवेदन नाही.)

(दृश्य: पत्र्याची पेटी, कॅसेटी, टू-इन-वन)

त्या काळी टेप महाग. कार्यक्रम वाजला की ती पुसून पुन्हा वापरायची, ही रेडिओतली सगळीकडचीच रीत होती. त्यामुळं कितीतरी आवाज एकदा हवेत गेले आणि संपले. पण ऐकणारे हुशार. सणाच्या कार्यक्रमाची वेळ आधीच कळलेली असायची. टू-इन-वनमध्ये, म्हणजे रेडिओ आणि टेपरेकॉर्डर एकत्र असलेल्या डब्यात, कॅसेट घालून, लाल बटण दाबून, घरात सगळ्यांना गप्प बसवून लोकांनी तो टिपला. या पेटीतल्या कॅसेटी तशाच. एकीत गाण्याच्या मागं कुकरची शिट्टी आहे.

पुढं टीव्ही आला, एफएम आलं, मोबाइल आला. मध्यम लहरीचा ट्रान्झिस्टर दुकानात मागणारं गिऱ्हाईक उरलं नाही.

(दृश्य: संगणकावर आवाजाच्या रेषा, कॅसेट उघडलेली)

अमळनेरच्या त्याच खोलीत आता कॅसेटी संगणकात उतरवल्या जातात. आधी बुरशी तपासायची. हेड अल्कोहोलनं पुसायचं. मग एका बारीक स्क्रूनं हेडचा कोन जुळवायचा, कारण प्रत्येक घरातल्या टेपरेकॉर्डरच्या हेडचा कोन थोडा वेगळा. स्क्रू पाव फेरा फिरला की दबलेला आवाज एकदम उघडतो. टाळ्या सुट्या ऐकू येतात. नंतर संगणकात उंच दर्जाची साठवण, २४ बिट आणि सेकंदाला ९६ हजार नमुने, आवाजात कसलीही साफसफाई न करता. कुकरची शिट्टीसुद्धा राहते.

असोद्याच्या बहिणाबाईंना लिहिता येत नव्हतं. घरातल्या माणसांनी त्यांच्या ओव्या लिहून घेतल्या म्हणून त्या आज आपल्याकडं आहेत. या कॅसेटींतल्या बायांची गाणी कुणी लिहून घेतलेली नाहीत.

तुमच्या माळ्यावर अशी कॅसेट असेल तर ती लगेच वाजवू नका, टेप तुटू शकते. उन्हापासून आणि स्पीकरच्या चुंबकापासून दूर, उभी ठेवा. आधी बुरशी तपासून संगणकात उतरवून घ्या. मग घरातल्या वडीलधाऱ्यांना बसवून ऐकवा आणि विचारा: गातंय कोण, गाव कुठलं, सण कुठला, साल साधारण कुठलं. ते सांगतील ते त्याच वेळी फोनवर रेकॉर्ड करा आणि कॅसेटच्या डबीवर लिहून ठेवा.