खिडकीतलं विरजण

नमस्कार श्रोतेहो.

आपल्या गोव्यातल्या साळ नदीचा विषय निघाला की मला आधी एक काचेची नळी आठवते. नदी वेर्ण्याकडून निघते, मडगावच्या कडेने नावेली, असोळणा करत बेतुलला समुद्राला मिळते. तिच्यातल्या तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, आपण सगळ्यांनी खाल्ल्यात. पण आधी नळीचं सांगते.

काही वर्षांपूर्वी मी एका सांडपाणी प्रक्रिया प्रकल्पावर गेले होते. तिथल्या ऑपरेटर काकांनी हवा सोडलेल्या टाकीतून बादलीभर पाणी काढलं. तपकिरी, फेसाळ. ते एक लिटरच्या उंच काचेच्या नळीत ओतलं, नळी खिडकीत ठेवली आणि म्हणाले, "चल बाय, चहा घेऊया. अर्ध्या तासाने बघ."

चहा झाला, उंडो पाव झाला. परत आलो तर तळाला तपकिरी थर आणि वर इतकं निवळ पाणी की पलीकडच्या माडाची झावळं दिसत होती. तो थर म्हणजे जिवाणू. आपली घाण खाऊन जड झालेले, एकमेकांना धरून बसलेले. काकांनी थर कुठवर आलाय ते बघून वहीत आकडा लिहिला.

मग म्हणाले, एका सकाळी थर बसलाच नाही. अर्धा तास झाला, तास झाला, नळी वरपासून खालपर्यंत गढूळच. रात्री कुणीतरी रस्त्यावरच्या चेंबरचं झाकण उघडून ॲसिडसारखं काहीतरी ओतलं होतं. कोणी, ते कधीच कळलं नाही. पंप चालू, वीज चालू, पण काम करणारेच मेलेले. शेवटी दुसऱ्या प्रकल्पावरून टँकर भरून जिवंत गाळ आणला आणि टाकीत सोडला.

"विरजण लावलं, बाय."

दही लागलं का बघावं तसे ते रोज सकाळी नळी भरून खिडकीत ठेवत. एक आठवडा गेला, दुसरा गेला. तिसऱ्या आठवड्यात वर थोडंसं पाणी निवळलं. किती, ते त्यांनी मला बोट आडवं धरून दाखवलं. डोळे भरून आले होते त्यांचे.

आता नदीचं. जिवाणू नदीतही असतात. सांडपाणी तसंच सोडलं तर तिथेही ते घाण खातील, पण खाताना पाण्यातला प्राणवायू संपवतील. माशांना लिटरमागे निदान 4-5 मिलिग्रॅम तरी विरघळलेला प्राणवायू हवा. तो संपला की मासे पृष्ठभागावर येऊन तोंडं उघडतात. म्हणून ते खाणं टाकीतच उरकायचं, हवा तिथेच फुंकायची. प्राणवायू टाकीत खर्च होऊ दे, नदीत नको. पुन्हा सांगते, टाकीत होऊ दे, नदीत नको. पणजीत टोंकला, मडगावात शिरवडेला, वास्कोत बायणाला हेच चालतं. टोंकला तर एकाच टाकीत पाणी भरायचं, हवा द्यायची, थर बसू द्यायचा, वरचं निवळ काढून घ्यायचं. खिडकीतल्या नळीसारखंच.

आणि एक बोलूनच टाकते. अंगणभर पेव्हर बसवायचं हे वेड मला मुळीच पटत नाही. आपल्याकडे वर्षाला 3000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस. तो आजीच्या शेणाने सारवलेल्या अंगणाकडेने परसात जायचा, चिऱ्यात मुरायचा, विहिरीला मिळायचा. आता अंगण बंद, म्हणून लोक गच्चीचा पाइप सरळ मलनिस्सारणाच्या चेंबरमध्ये सोडतात. हे पावसाचं पाणी प्रकल्पावर लोंढ्याने जातं आणि टाकीतलं विरजण वाहून नेतं. जुलैत काकांच्या वहीतले आकडे खाली येतात ते याच्यामुळे.

काही घरांसमोरून मलनिस्सारणाची वाहिनी गेलीय, पण जोडणी अजून घेतलेली नाही. ती घ्या. संडास आणि मोरी वाहिनीला, पाऊस परसाला. तळणीचं तेल गार झालं की जुन्या कागदात टिपून कचऱ्यात. आणि गच्चीचा पाइप कुठे उतरतो ते आज संध्याकाळी बघा. चेंबरमध्ये उतरत असेल तर मिरगाच्या आधी प्लंबरला बोलवा.

नमस्कार.