सोलापूरच्या पूर्व भागातील एक खोली : माहितीपटाचे निवेदन

(दृश्य : ओल्या फडक्यातून बाहेर काढलेली तेंदूची पाने, मापाचा पत्रा, कात्री)

तेंदूचे पान आदल्या संध्याकाळी भिजवावे लागते, कारण कोरडे पान वळताना तडकते आणि फार ओले राहिले तर बिडीला बुरशी धरते. रात्रभर ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवलेली पाने पहाटे उलगडली जातात, त्यांवर मापाचा पत्रा ठेवून जाड शिरा टाळत कात्री फिरवली जाते, आणि एका पानातून जास्तीत जास्त तुकडे काढण्यात बाईचे सारे कसब लागते. पान वजनावर मिळते, बिड्या मात्र पुऱ्या हजार भरून द्याव्या लागतात. पान खराब निघाले तर कमी पडलेले पान पदरच्या पैशांनी आणावे लागते. चिमूटभर तंबाखू, अंगठ्याखाली घट्ट गुंडाळी, सुताचे वेढे आणि दुमडलेले तोंड, एवढ्याने एक बिडी होते. सुपावर झुकलेले हे हात अव्वांचे, म्हणजे या घरातील आजींचे आहेत. त्या बोलत असतात, नातवाला दटावत असतात, दाराकडे लक्ष ठेवून असतात, आणि बोटे थांबत नाहीत.

सोलापुरात 60 हजारांहून अधिक महिला हे काम करतात. ज्याला येथे कारखाना म्हणतात, तेथे पान-तंबाखू दिली जाते, तयार बिड्या मोजून घेतल्या जातात आणि नापसंत बिड्या बाजूला काढल्या जातात. बिडी वळली जाते ती घरातच. घरखेप, म्हणजे घरी बसून कारखान्याचे काम, करणाऱ्या या बायकाही कामगारच आहेत, हे 1966 च्या बिडी व सिगार कामगार कायद्याने मान्य केले. मात्र त्यांच्या जागेचे भाडे, दिव्याचे बिल आणि खोलीभर पसरणारी तंबाखूची धूळ कोणाच्या खात्यावर मांडायची, हे आजवर कोणी ठरवलेले नाही.

(दृश्य : यंत्रमाग, चादरीवर उमटणारी नक्षी)

1877 मध्ये येथे जुनी गिरण उभी राहिली आणि पुढे एकामागून एक गिरण्या आल्या. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी हातमाग आणि नंतर यंत्रमाग घरोघर नेले. सोलापुरी चादरीला 2005 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, त्यामागे या गल्ल्यांतील कित्येक पिढ्यांची मेहनत आहे. गिरण्या बंद पडत गेल्या तशी घराची विभागणी पक्की होत गेली : पुरुष मागावर, बाई बिडीवर. नीलमनगर परिसरातील या घरातही तेच. मुलगा मागावर, अव्वा आणि सूनबाई बिडीवर, तिन्ही नातवंडे शाळेत. सहा माणसांची ही एकच खोली, आणि तिचा निम्मा भाग पानांनी व्यापलेला.

कोरोनाच्या साथीमुळे 25 मार्च 2020 पासून देशभर टाळेबंदी लागू झाली आणि प्रत्येकाला घरी राहण्यास सांगण्यात आले. ही सूचना देणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर ज्या प्रकारचे घर असावे, त्या प्रकारचे घर पूर्व भागात क्वचितच आढळते. दिवसा मागावर असणारा मुलगा आणि शाळेत असणारी नातवंडे यांची जागा एरवी पाने घेत असत. आता माणसे होती आणि पाने नव्हती, कारण मागांसोबत बिडी कारखान्यांनाही कुलूप लागले होते. माणशी 5 किलो मोफत तांदूळ मिळाला आणि या तेलुगू घराला तो परका नव्हता. पण तेल, मीठ, गॅस यांसाठी रोख पैसा लागतो आणि तो हजार बिड्यांच्या मजुरीतूनच येत असे.

(दृश्य : पत्रे ठोकून बंद केलेली गल्ली)

शहरातील पहिल्या रुग्णाची नोंद 12 एप्रिलला झाली. पाच्छा पेठेतील त्या रुग्णाचा अहवाल हाती आला तेव्हा त्याचा मृत्यू झालेला होता. त्यानंतर गल्ल्यांच्या तोंडांशी बांबू आणि पत्रे उभे राहिले. 16 जुलैच्या मध्यरात्रीपासून 26 जुलैपर्यंत शहर पुन्हा पूर्ण बंद ठेवण्यात आले.

(दृश्य : रंगवलेल्या भिंती, त्यांच्यासमोर उभी मुले)

शाळा बंदच होती. धडे मोबाईलवर येऊ लागले, आणि या घरातील एकमेव स्मार्टफोन मुलाच्या खिशात असे. तो काम शोधायला बाहेर पडला की तिन्ही मुलांची शाळा त्याच्याबरोबर बाहेर पडे. नीलमनगरच्या आशा मराठी विद्यालयातील शिक्षकांनी यावर जो मार्ग काढला, तो चित्रित करताना कॅमेरा कोठे थांबवावा हेच कळत नव्हते. त्यांनी परिसरातील सुमारे 300 घरांच्या बाहेरील भिंतींवर पहिली ते दहावीचे धडे रंगवून घेतले. एका भिंतीवर मुळाक्षरे आहेत, दुसरीवर अंक, पलीकडच्या बोळात विज्ञानाची सूत्रे. भिंती वेगवेगळ्या गल्ल्यांत असल्यामुळे मुले एकाच जागी गोळा होत नाहीत, आणि वीज, डेटा, चार्जिंग यांची गरजच उरत नाही. मधली नात पाढ्यांच्या भिंतीसमोर उभी राहून बोटाने ओळ धरत मोठ्याने म्हणते आणि अडखळली की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करते. आतून अव्वांचा आवाज येतो, आणि तो पुढचा आकडा सांगतो. अव्वा शाळेत गेलेल्या नाहीत, पण पंचवीस-पंचवीसची बंडले बांधत हजार मोजणाऱ्या बाईला पंचविसाचा पाढा कोणी शिकवावा लागत नाही.

धाकट्याला तर ही शाळा जुन्या शाळेपेक्षा अधिक आवडली, असे तो कॅमेऱ्यासमोर सांगतो. त्याच्या शिक्षकांनी हे मनावर घेऊ नये.

कारखाने सुरू झाल्यावर पाने घरी परतली आणि खोलीत पुन्हा दाटी झाली. मुले बाहेर भिंतीपाशी असत, म्हणूनच आत पान कापायला जागा मिळे, असे सूनबाई सांगतात. थोरली नात मात्र भिंतीपाशी फारशी दिसत नाही. त्या वर्षात ती पान कापायला शिकली.

2021 च्या दुसऱ्या लाटेने जिल्ह्यातील अनेक घरांतील कर्ती माणसे नेली, आणि आईवडील दोघेही गमावलेल्या मुलांच्या नावे राज्य शासनाने 5 लाख रुपयांची ठेव ठेवली. 4 ऑक्टोबर 2021 रोजी शहरी भागातील आठवी ते बारावीचे वर्ग उघडले. थोरली आता दिवसा वर्गात बसते आणि संध्याकाळी कात्री हातात घेते. पान घरपोच मिळावे आणि बाद बिड्यांची निवड आपल्या दारात, आपल्या डोळ्यांसमोर व्हावी, असे अव्वांचे म्हणणे आहे. सकाळी त्या तयार माल घेऊन कारखान्यात निघाल्या, तेव्हा तेथील दारापुढची रांग कोपऱ्यापर्यंत पोहोचली होती.