सोळाव्या अध्यायातला हिशेब

श्रोतेहो, प्रभू येशू ख्रिस्ताच्या नावाने आपणा सर्वांना सलाम.

प्रेषित पौलाने ग्रीसमधल्या करिंथ शहराच्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्रातला तेरावा अध्याय आपल्यापैकी कितीतरी जणांना पाठ आहे. लग्नाच्या उपासनेत तो वाचला नाही, तर काहीतरी राहून गेल्यासारखे वाटते. पंधरावा अध्याय आपण कबरस्तानात ऐकतो. जवळचे माणूस मातीत ठेवताना पुनरुत्थानाचे ते शब्द आपल्याला उभे राहण्याचे बळ देतात. सोळाव्या अध्यायावर मात्र फारसे कोणी थांबत नाही. त्यात वर्गणी आहे, प्रवासाचे बेत आहेत, निरोप आहेत, काही नावे आहेत आणि शेवटी सलाम आहेत. आज मला याच अध्यायाविषयी आपल्याशी बोलायचे आहे.

पौलाने पत्र लिहिले तेव्हा त्यात अध्याय आणि वचनांचे आकडे नव्हते. ते पुष्कळ नंतर घातले गेले. करिंथमध्ये पत्र वाचून दाखवणाऱ्याने मरणावरच्या विजयाचे शब्द उच्चारले आणि लगेच पुढची ओळ वाचली, ती पवित्र जनांसाठी, म्हणजे यरुशलेमच्या विश्वासणाऱ्यांसाठी, गोळा करायच्या वर्गणीची. पुनरुत्थान आणि पैशांची पेटी यांत एका श्वासाचे अंतर होते. पौलाला त्यात काही विसंगत वाटले नाही. ख्रिस्त खरोखर उठला असेल, तर यरुशलेममधल्या उपाशी भावंडांचे काय करायचे हा प्रश्न त्याच विश्वासातून निघतो.

ही वर्गणी कशासाठी होती? बायबलमधल्या प्रेषितांच्या कृत्यांत रोमचा सम्राट क्लौद्य कैसर याच्या काळातल्या दुष्काळाचा उल्लेख आहे. तेव्हा अंत्युखियाच्या शिष्यांनी आपापल्या ऐपतीप्रमाणे पैसे काढून बर्णबा आणि शौल (म्हणजेच पौल) यांच्या हाती यहूदियात मदत पाठवली होती. पुढेही यरुशलेमच्या मंडळीत गरिबी राहिली. गरिबांची आठवण ठेवा असे तिथल्या वडीलधाऱ्यांनी पौलाला सांगितले, आणि तेच करायला मी मनापासून उत्सुक होतो असे तो गलतीकरांस लिहितो. सुमारे इसवी सन ५५ च्या आसपास, इफिसमध्ये असताना, त्याने या कामाची आखणी करिंथकरांना कळवली.

ती आखणी नीट पाहा. आठवड्याच्या पहिल्या दिवशी प्रत्येकाने आपल्या मिळकतीच्या मानाने काही बाजूला काढून ठेवावे. म्हणजे पौल आल्यावर धावपळ करून पैसे जमवावे लागणार नाहीत. ते पैसे यरुशलेमला कोणी न्यायचे, तर मंडळीने पारखून निवडलेल्या माणसांनी. पौल त्यांना पत्रे देईल, आणि जरूर पडली तर स्वतःही बरोबर जाईल. एवढ्या तीन-चार वचनांत केव्हा, किती, कोणी आणि कोणाच्या देखरेखीखाली, हे सगळे आले आहे.

करिंथ ते यरुशलेम हे अंतर हजार किलोमीटरांहून जास्त. बँक नाही, मनीऑर्डर नाही. नाणी पिशव्यांत भरून जहाजातून आणि डोंगरवाटांनी न्यायची. वाटेत नद्यांची आणि लुटारूंची संकटे, आणि ती आपण भोगली आहेत असे पौल दुसऱ्या पत्रात स्वतः सांगतो. अशा वेळी 'देव बघून घेईल' एवढेच म्हणून निघालेला माणूस दुसऱ्यांच्या घामाचे पैसे धोक्यात घालतो. पौलाने तसे केले नाही. ही मोठी रक्कम हाताळताना आमच्यावर कोणी बोट ठेवू नये म्हणून आम्ही जपतो, आणि प्रभूच्या दृष्टीनेच केवळ नाही तर माणसांच्या दृष्टीनेही जे योग्य तेच करतो, असे तो लिहितो. आपल्या मंडळ्यांच्या पंच कमिट्यांनी हे वाक्य तिजोरीच्या दारावर लावावे असे मला मनापासून वाटते. ज्या खात्यावर एकाचीच सही आहे, ते खाते कितीही प्रार्थनाशील माणसाच्या हाती असले, तरी त्या माणसावर आपण अन्यायच करत असतो. संशयाला जागा ठेवून आपण त्याला एकटे सोडतो.

आणि हाच पौल करिंथमध्ये स्वतःसाठी काही घेत नव्हता. दीड वर्ष तो त्या शहरात राहिला. अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला यांच्या घरी तंबू शिवायचे काम करून त्याने पोट भरले. करिंथकरांवर मी भार घातला नाही असे तो ठामपणे सांगतो. इतरांसाठी इतक्या काटेकोरपणे मागणारा माणूस स्वतःसाठी हात पसरत नाही, म्हणून त्याच्या मागण्याला वजन आहे.

श्रोतेहो, विश्वासाने चालणाऱ्याने असे बेत करावेत का, हा प्रश्न आपल्याकडे नेहमी निघतो. उद्याची चिंता करू नका असे प्रभूनेच सांगितले ना? सांगितले, आणि ते खरेच आहे. पण तोच प्रभू रानात पाच हजारांना जेवू घालताना लोकांना शंभर-शंभर आणि पन्नास-पन्नास यांच्या पंक्तींनी हिरवळीवर बसवतो. जेवण झाल्यावर काही वाया जाऊ नये म्हणून उरलेले तुकडे गोळा करायला लावतो, आणि बारा टोपल्या भरतात. भाकरी वाढवणाऱ्याला तुकडे गोळा करायची काय गरज होती? वल्हांडणाच्या भोजनासाठी माडीवरची खोली कोणती, तिथे पोहोचायचे कसे, पाण्याचे मडके घेतलेल्या माणसाच्या मागे जायचे, हेही त्याने शिष्यांना आधी सांगितले होते. वधस्तंभ दुसऱ्या दिवशी समोर उभा असतानाही त्याने आपल्या माणसांच्या जेवणाची जागा पाहून ठेवली होती. मला तर यात त्याची प्रीती फार जवळून दिसते.

आता करिंथकरांकडे पुन्हा वळू, कारण त्यांची गोष्ट आपल्या गोष्टीशी फार जुळते. वर्गणी द्यायला ते उत्साहाने तयार झाले होते. पण दुसऱ्या पत्राच्या आठव्या अध्यायापर्यंत वर्ष उलटून गेले होते आणि काम अर्धवट पडले होते. पौलाला आपला सहकारी तीत याला पाठवावे लागले. ज्या तयारीने तुम्ही सुरुवात केली तशीच आता पूर्तताही करा, आणि तुमच्याजवळ जे आहे त्यातून करा, असे त्याला लिहावे लागले. त्यांच्या मनात प्रेम नव्हते असे तो म्हणत नाही. आठवड्याला थोडे-थोडे बाजूला काढायची जी साधी शिस्त त्याने सांगितली होती, ती बहुधा पाळली गेली नाही, आणि उत्साह तिच्यावाचून तगला नाही.

आपल्याकडे हंगामाच्या सणाला लिलावात बोली चढत जाते, नाताळात भरभरून दिले जाते. ते छानच आहे. पण जुलै-ऑगस्टमध्ये पाळकांचा पगार थकतो, एखाद्या विधवा बहिणीच्या मुलाची फी भरायची राहते. मंडळीतले कोणी आजारी पडले की प्रार्थनेला घर भरते. मग रुग्णालयात रात्री कोण थांबणार, डबा कोण देणार, घरच्या म्हाताऱ्या आईजवळ कोण बसणार, हे ठरवायला मात्र कोणी वही काढत नाही. मग सगळा भार एकाच बहिणीवर पडतो, आणि ती कधी तक्रार करत नाही म्हणून तो तिच्यावरच राहतो. वारवाटणी लिहून महिला मंडळाच्या फलकावर लावणे हेही प्रेमाचे काम आहे.

याउलट बाजूही पौलाने पाहिली होती. मासेदोनियाच्या मंडळ्या स्वतः हलाखीत होत्या, छळात होत्या. त्यांनी ऐपतीप्रमाणे, आणि ऐपतीपलीकडेही दिले. आम्हाला या सेवेत भाग घेऊ द्या म्हणून त्यांनी विनवणी केली. याचे कारण सांगताना पौल म्हणतो की त्यांनी आधी स्वतःला प्रभूला दिले. हे आधीचे देणे झाले नसेल, तर कितीही सुंदर अंदाजपत्रक मंडळीला जिवंत ठेवू शकत नाही. देणगीदारांच्या नावांच्या फरशीवर आपले नाव वर असावे की खाली, यावरून मने दुखावतात, तेव्हा काय द्यायचे राहिले आहे ते प्रत्येकाने गुडघ्यावर जाऊन पाहावे.

आपल्या मराठी भूमीत प्रभूला दिलेले मन आणि नीट केलेला बेत, ही दोन्ही एका आयुष्यात एकत्र पाहायची असतील, तर पुण्याहून दौंडकडे जाणाऱ्या लोहमार्गावर केडगावला उतरावे. पंडिता रमाबाईंनी १८८९ साली मुंबईत शारदा सदन ही विधवांसाठीची शाळा सुरू केली, आणि पुढच्याच वर्षी ती पुण्याला हलवली. अमेरिकेतल्या मित्रांच्या मंडळाने या कामाला दहा वर्षे मदत देण्याचे कबूल केले होते. दहा वर्षे म्हणजे दहाच वर्षे, हे रमाबाईंनी कधी नजरेआड केले नाही. ती मुदत संपण्याआधीच त्यांनी केडगावला शंभरेक एकर जमीन घेतली, विहिरी खोदवल्या, फळझाडे लावली. झाडांच्या उत्पन्नातून मुलींचे शिक्षण चालावे हा त्यामागचा हिशेब होता. प्रार्थनेत तासन्‌तास घालवणारी ही बाई जमिनीचा पोत आणि पाण्याची पातळी तितक्याच आस्थेने पाहत होती.

मग १८९६-९७ चा दुष्काळ आला. रमाबाईंचे आईवडील आणि थोरली बहीण दुष्काळातच गेली होती, तेव्हा त्या कोवळ्या वयाच्या होत्या. भुकेने माणूस कसा झिजतो हे त्यांना पुस्तकातून शिकायचे नव्हते. त्या मध्य प्रांतात गेल्या आणि तीनशे मुलींना आणण्याचा निर्धार त्यांनी केला. तेवढे पैसे आणि तेवढी जागा त्या वेळी त्यांच्याजवळ नव्हती. पुण्यात प्लेगची साथ आणि तिच्यामुळे आलेले निर्बंध, त्यामुळे मुलींना तिथे ठेवणेही कठीण झाले. तेव्हा फळबागेसाठी घेतलेली केडगावची जमीन उपयोगी पडली. तिथे मांडव आणि झोपड्या उभ्या राहिल्या, आणि त्यातून मुक्ती सदन वाढले. गुजरातेतल्या १९०० च्या दुष्काळानंतर तिथे राहणाऱ्या मुलींची आणि स्त्रियांची संख्या दोन हजारांच्या घरात गेली. एवढ्या जणींना जेवण, कपडे, शाळा आणि कामधंदा लागतो. वीणकाम, तेलाचा घाणा, गाईगुरे, धुलाई आणि छापखाना, हे सारे तिथे मुलींच्या हातांनी चालत असे.

पाहा, बेत फळबागेचा होता आणि देवाने तिथे भुकेल्या मुलींचे घर उभे केले. रमाबाईंनी जमीनच घेतली नसती, तर त्या तीनशे मुली कुठे गेल्या असत्या? आणि फळबागेच्या नकाशाला त्या चिकटून बसल्या असत्या, तर मुलींना दारातून परत जावे लागले असते. त्यांनी जमीन घ्यायचे धाडसही केले आणि वेळ आल्यावर नकाशा सोडायचेही केले.

पौलाचेही असेच झाले. सोळाव्या अध्यायात तो प्रवासाचा बेत सविस्तर सांगतो. पेंटेकॉस्टपर्यंत इफिसमध्ये राहीन, कारण इथे मोठे दार उघडले आहे आणि विरोधकही पुष्कळ आहेत. मग मासेदोनियातून येईन, आणि जमल्यास हिवाळा तुमच्याकडे घालवीन. हिवाळ्यात भूमध्य समुद्रावरची जहाजे जवळजवळ बंद असत, तेही त्याने धरले होते. आणि मध्येच तो लिहितो, प्रभूची परवानगी असल्यास. पुढे हा बेत बदलला, आणि करिंथमध्ये काहींनी त्याला चंचल म्हटले. त्याला ते लागले, हे दुसऱ्या पत्रात लपलेले नाही. तरी तो बेत करायचे सोडत नाही. रोमकरांना लिहितो की मासेदोनिया आणि अखया यांनी आनंदाने वर्गणी केली आहे, ती यरुशलेमला पोहोचवतो, मग तुमच्याकडे येतो, तिथून स्पेनला जातो. अखया म्हणजे करिंथचाच प्रांत. म्हणजे शेवटी करिंथकरांनीही दिले! यरुशलेममध्ये पौल पकडला गेला. कैसरियात दोन वर्षे कैदेत राहिला. रोमला पोहोचला, पण साखळदंडात, आणि वाटेत जहाज फुटून.

सोळाव्या अध्यायाच्या शेवटाकडे एक घर भेटते, स्तेफनासचे. अखयातले पहिले विश्वासणारे हे घराणे. त्यांनी पवित्र जनांच्या सेवेला स्वतःला वाहून घेतले होते, आणि कोणी नेमणूकपत्र दिल्याचा उल्लेख नाही. स्तेफनास, फर्तुनात आणि अखायिक हे तिघे समुद्र ओलांडून इफिसला पौलाकडे आले आणि त्याच्या जिवाला विसावा दिला. त्यांनी काय आणले, काय बोलले, पौलाने लिहिले नाही. अशा माणसांचा मान राखा, एवढेच तो करिंथकरांना सांगतो.

आपल्या मंडळीत असे कोण आहे, जे न सांगता चटया घालते, हिशेबाची वही लिहिते, आजाऱ्याकडे जाते, ते या आठवड्यात आठवून पाहा, आणि त्यांना भेटून तसे सांगा. वाचनासाठी हा सोळावा अध्याय घ्या, आणि त्याच्या जोडीला दुसऱ्या करिंथकरांचे आठ आणि नऊ हे अध्याय. पुढच्या रविवारी याच वेळी आपण तीताविषयी बोलू, कारण पौलाने अडलेले काम त्याच्यावर का सोपवले, ते समजून घेण्यासारखे आहे. तोपर्यंत सलाम.