टॉवेलाचा रक्तदाब

मित्रहो, हा आपला साधा सोलापुरी टॉवेल. त्याची घट्ट गुंडाळी करून मी हे स्वस्तातले स्मार्ट घड्याळ तिच्यावर बांधतो आणि रक्तदाब मोजायला सांगतो. पाहा, अर्ध्या मिनिटात आकडा आला: १२१ आणि ७९. टॉवेलाची प्रकृती उत्तम आहे.

आपण हसलात, पण असेच घड्याळ बांधून गेल्या उन्हाळ्यात एक गृहस्थ माझ्याकडे आले होते. हयात यंत्रमागावर गेलेली. घड्याळ मुलाने घेऊन दिलेले. दोन महिने ते रोज १२८-८२ च्या आसपास दाखवत होते, म्हणून संध्याकाळची गोळी त्यांनी स्वतःच बंद केली होती. दंडाला पट्टा बांधून मोजले, तर १६८ आणि १००. त्यांच्या मोबाइलमधले अ‍ॅप उघडल्यावर उलगडा झाला: मुलाने पहिल्या दिवशी जुन्या केसपेपरवरचा आकडा त्यात भरला होता आणि घड्याळ इमानेइतबारे त्याच आकड्याभोवती घुटमळत होते.

दंडाचा पट्टा इटलीच्या रिव्हा-रोच्ची यांनी १८९६ मध्ये वापरात आणला आणि १९०५ मध्ये रशियाच्या कोरोटकॉफ यांनी हवा सोडताना धमनीतून येणारे आवाज ऐकून वरचा व खालचा आकडा ठरवण्याची रीत दिली. आजचे इलेक्ट्रॉनिक यंत्र आवाजाऐवजी पट्ट्यातली स्पंदने टिपते. पण तेही धमनी प्रत्यक्ष दाबूनच. घड्याळ कशालाच दाबत नाही. ते त्वचेवर हिरवा प्रकाश टाकते, परतणाऱ्या प्रकाशातून नाडीच्या लाटेचा आकार वाचते आणि त्यावरून दाबाचा अंदाज बांधते. ही लाट दाबाप्रमाणे बदलते हे खरे. मात्र ती वयाने ताठरलेल्या धमन्यांनी, हाताच्या हालचालीने आणि आपल्याकडच्या मे महिन्यातल्या उकाड्याने रक्तवाहिन्या पसरल्या तरीही बदलते. म्हणूनच जरा बरी घड्याळे दर २८ दिवसांनी पट्ट्याच्या यंत्राशी जुळवून घ्यायला सांगतात.

पट्ट्याच्या यंत्रांसाठी आंतरराष्ट्रीय मानक आहे: किमान ८५ माणसांवर चाचणी, प्रमाण मोजणीपासून सरासरी फरक पाऱ्याच्या ५ मिलिमीटरच्या आत आणि विचलन, म्हणजे त्या फरकांची पांगापांग, ८ च्या आत. नुकतेच जुळवलेले घड्याळ स्वस्थ बसलेल्या माणसावर ही परीक्षा सहज पास होईल. कारण उत्तर त्याला आधीच सांगितलेले असते. खरी कसोटी गोळी बदलल्यावर, झोपेत किंवा तीन आठवड्यांनंतर लागते. युरोपीय उच्च रक्तदाब संस्थेने २०२२ मध्ये निदान वा उपचारासाठी पट्टाविरहित साधने वापरू नयेत असे म्हटले, ते यामुळेच. २०२५ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेली अ‍ॅपलची सोय आकडा दाखवतच नाही, फक्त उच्च रक्तदाबाची शक्यता कळवते. मला हा प्रामाणिकपणा आवडला.

मनगटाचा पट्टा खरोखर फुगतो अशीही घड्याळे आहेत. ती दाब मोजतात, पण मनगट छातीच्या पातळीला हवे. ते दहा सेंटिमीटर खाली राहिले, तर आकडा सात-आठ मिलिमीटरने जास्त येतो.

घरी मोजायचे तर दंडाचे यंत्र घ्या, पट्टा दंडाच्या घेराला योग्य मापाचा पाहा, पाच मिनिटे पाठ टेकून बसा आणि मिनिटभराच्या अंतराने दोनदा मोजून दोन्ही आकडे वहीत लिहा. घरी सरासरी १३५-८५ च्या वर जात असेल, तर डॉक्टरांना दाखवा. शेंगाचटणीतल्या मिठाविषयी मी आज बोलत नाही, ते भांडण पुढच्या वेळी.

त्या गृहस्थांची गोळी पुन्हा सुरू झाली. घड्याळ त्यांनी काढलेले नाही. सकाळी सिद्धेश्वर तलावाकडे फिरताना पावले मोजायला ते चांगले चालते.