ताटी आणि समीकरण

(नागपूरच्या महाल भागातली गल्ली, भर दुपार)

नागपूर. मे महिना. गल्लीत चिटपाखरू नाही, पण आवाज ऐका. घरोघरी कूलर घरघरतायत.

(ताटी भरणारे हात, जवळून)

हे काका कूलरच्या ताट्या भरतात. जाळीत गवत कसं दाबून बसवतात ते बघा. कुठे पोकळ राहिलं, की वारा नेमका तिथूनच निसटतो, पाण्याला न शिवता. म्हणून भरून झाल्यावर काका ताटीवरून एकदा बोटं फिरवतात. तिथे, कोपऱ्यात. सापडलं.

(लॅपटॉप)

काकांची पुतणी इंजिनिअरिंग शिकते. हाच कूलर तिने मॉडेलिका या संगणकाच्या भाषेत, समीकरणांनी, लिहायला घेतलाय.

या भाषेची मुळं स्वीडनमध्ये आहेत. 1978 साली लुंड विद्यापीठात हिल्डिंग एल्मक्विस्ट यांनी पीएचडीच्या प्रबंधात डायमोला ही मॉडेलिंगची भाषा मांडली. तोच विचार पुढे नेणारी मॉडेलिका 1997 मध्ये आली. नेहमीच्या प्रोग्रामिंगमध्ये आपण संगणकाला कामांचा क्रम सांगतो: आधी हे काढ, मग ते. इथे नुसतं नातं सांगायचं. बरोबरचं चिन्ह इथे खरोखर बरोबरचं असतं, दोन्ही बाजूंची अदलाबदल केली तरी अर्थ तोच. काय आधी सोडवायचं ते कंपायलर, म्हणजे लिहिलेलं संगणकाला चालवता येईल असं करून देणारा प्रोग्राम, बघून घेतो. भौतिकशास्त्राच्या वहीत लिहितो तसंच हे लिहिता येतं, आणि वाचताही येतं. आम्हाला या भाषेचं मोल वाटतं ते यासाठी.

(पडद्यावर कोड)

'इक्वेशन' या शब्दाखालची ही ओळ. खोलीत येणाऱ्या हवेचं तापमान म्हणजे बाहेरचं तापमान, वजा ताटीची क्षमता गुणिले एक फरक. क्षमता म्हणजे त्या फरकातला किती भाग ताटी उतरवते ते. फरक कसला? साध्या थर्मामीटरचा आकडा आणि ओलं फडकं गुंडाळलेल्या थर्मामीटरचा आकडा, यांच्यातला. बाहेर 44, ओला 24, क्षमता 0.8. उत्तर 28 अंश.

(लाल अक्षरं)

हे लगेच जमलं नाही. समीकरणांपेक्षा चल, म्हणजे ज्यांची किंमत काढायची त्या राशी, एकाने जास्त, असं सॉफ्टवेअर सांगतंय. भिंतीतून येणारी उष्णता तिने चल म्हणून जाहीर केली, पण त्या उष्णतेचं समीकरण लिहायचं राहिलं. ते लिहिलं, तर आलेख पार तळातून उसळला. खोलीचं सुरुवातीचं तापमान तिने 40 दिलं होतं आणि मॉडेल केल्विनमध्ये मोजत होतं, जिथे 0 अंश सेल्सिअस म्हणजे 273.15. म्हणजे उणे 233 अंशांची खोली, तीही नागपुरात! 313.15 लिहिलं आणि रेघ ताळ्यावर आली.

(काका पडद्याजवळ)

"हे 0.8 म्हणजे माझी ताटी होय का?"

"हो काका, तुमचीच."

"अन् पोकळ राहिली तर?"

ती 0.6 लिहिते. 28 चे 32 होतात.

पावसाळ्यात बाहेर 32 आणि ओला 27 झाला, की चांगली ताटीसुद्धा जेमतेम 4 अंश उतरवते; समीकरण तेच. ज्या ओपनमॉडेलिका या सॉफ्टवेअरवर हे चाललंय ते मोफत आहे, कोडही खुला आहे. खुल्या सॉफ्टवेअरसाठीचा आयआयटी मुंबईचा फॉसी प्रकल्प त्याचा प्रसार करतो.

(पुन्हा हात)

काका नवी ताटी घेतात. बोटं कोपऱ्याकडे जातात.